हाड अर्धवट मोडलं, मग प्लास्टर पूर्ण कशाला?

प्रश्न : डॉक्टर, चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधताना माझा ७ वर्षांचा मुलगा स्टुलावरून हातावर पडला. सूज फारशी नव्हती, म्हणून सासूबाईंनी तेल चोळलं. पण दुसऱ्या दिवशीही तो उजव्या हाताने नेवरी उचलेना, तेव्हा इस्पितळात नेलं. एक्स-रेत ‘ग्रीनस्टिक फ्रॅक्चर’ निघालं. कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलंय आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा एक्स-रे सांगितलाय. घरचे म्हणतात, हाड पूर्ण मोडलेलं नाही, मग एवढं कशाला? शेजारच्या मुलाला असंच लागलं होतं, त्याला नुसता पट्टा दिला. प्लास्टर लवकर काढलं तर चालेल का? हात वाकडा राहील का?
— एक आई, डिचोली

उत्तर : ताई, प्लास्टर काढू नका. आणि तो एक्स-रे अजिबात चुकवू नका.

मुलांचं हाड मोठ्यांच्या हाडापेक्षा लवचीक असतं आणि त्यावरचं आवरण चांगलं जाड असतं. काजूची ओली फांदी वाकवली की बाहेरची बाजू फाटते, आतली नुसती वाकते आणि दोन तुकडे काही होत नाहीत. तुमच्या मुलाच्या हाताचं तेच झालंय. घरच्यांना जे ‘अर्धंच’ वाटतंय, त्यातच खरी अडचण आहे. न तुटलेली, वाकलेली बाजू हाडाला पुन्हा वाकड्या दिशेला ओढत राहते. डॉक्टरांनी सरळ केलेलं हाड प्लास्टरच्या आतसुद्धा पहिल्या एक-दोन आठवड्यांत हळूहळू वाकू शकतं, बाहेरून काही कळत नाही. लवकर दिसलं तर दुरुस्त करणं सोपं असतं.

शेजारच्या मुलाचं दुखणं बहुधा वेगळं होतं. मनगटाजवळ हाड दाबलं जाऊन नुसता फुगवटा येतो, त्याला बकल फ्रॅक्चर म्हणतात. ते जागचं हलत नाही. ब्रिटनमध्ये ९६५ मुलांवर झालेल्या आणि २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात अशा मुलांचं दुखणं साध्या पट्टीनेही तितकंच बरं झालं. पण दोन्ही मुलं हातावरच पडतात, दोघांनाही सूज थोडीच असते, फरक कळतो तो एक्स-रेतच. म्हणून पोर हात वापरत नसेल, किंवा हाडावर एका ठरावीक जागी बोट दाबताच कळवळत असेल, तर तेल चोळत किंवा हाडवैद्याकडून ओढून घेत बसू नये, ही माझी कळकळीची विनंती. सासूबाईंनी मायेनेच केलं. त्यांना दोष देऊ नका, पण पुढे कुणी हात लावू देऊ नका.

वाकडेपणाचं म्हणाल तर ७ वर्षं हे वय तुमच्या बाजूचं आहे. मनगटाजवळ वाढीची जागा असते आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाची बरीचशी वाढ तिथूनच होते. त्यामुळे मोडलेली जागा मनगटाच्या जितकी जवळ, तितका उरलेला थोडा बाक वाढीबरोबर सरळ होतो. हाताच्या मध्यावर मोडलं असेल तर तो भरवसा कमी. आणि हाडाला पीळ पडलेला असेल तर तो वाढीने जात नाही. तुमच्या मुलाची जागा कुठली, हे डॉक्टरांना एक्स-रे समोर धरून दाखवायला सांगा.

भाद्रपदातला पाऊस आहे, प्लास्टर भिजू देऊ नका. आंघोळीला वर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा आणि तो हात पाण्याबाहेर धरा. खाज सुटली म्हणून आत केरसुणीचा हीर घालू देऊ नका. आत जखम झाली तर ती दिसत नाही आणि चिघळते. हेअर ड्रायरची थंड हवा सोडा. पहिले काही दिवस झोपताना हात उशीवर उंच ठेवा. बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, तुम्ही बोटं सरळ करताच तो किंचाळला किंवा औषध देऊनही दुखणं वाढत गेलं, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करा किंवा थेट इस्पितळ गाठा.

प्लास्टर निघाल्यावर हात थोडा आखडलेला वाटेल. तो खेळता-लिहिता मोकळा होतो, मालीश नको. मात्र हाताचं हे हाड त्याच जागी पुन्हा मोडू शकतं, म्हणून फुटबॉल, सायकल आणि झाडावर चढणं डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद.