शंटिंगचं इंजिन पॉइंटवरच का अडतं?

प्रश्न (डोंबिवली): मामेभावाने अमेरिकेतून एचओ स्केलचं (खऱ्याच्या 1:87 आकाराचं) छोटं चार चाकांचं मॉडेल स्टीम शंटर, म्हणजे यार्डात डबे हलवणारं इंजिन, आणून दिलंय, साध्या डीसीवर चालवतो. सरळ रुळावर मस्त पळतं पण पॉइंटवर (एका रुळाचे दोन फाटे होतात तिथे) आलं की ठप्प, बोटाने जरा ढकललं की परत चालू. स्पीडमध्ये सोडलं तर मात्र निघून जातं. मोटर गेलीय का? बदलायची तर इथे मिळेल का?

उत्तर: मोटर ठणठणीत आहे हो, तिला हात लावू नका. मोटर बिघडली असती तर सरळ रुळावरही रखडली असती. तुमच्याकडे करंट पोचत नाहीये आणि स्पीडमध्ये निघून जातं याचा अर्थ एवढाच की ते धक्क्याच्या जोरावर मेलेला भाग ओलांडून पुढे जातंय.

आता चाकं मोजा. प्रत्येक रुळावर दोनच. त्यातल्या एखाद्यावर ओढ वाढावी म्हणून रबराची रिंग चढवलेली असली तर ते चाक करंट घेत नाही, म्हणजे त्या बाजूला उरलं एकच. त्यात चारही चाकं कडक फ्रेमला बसवलेली, त्यामुळे रूळ जरा वरखाली झाला की हॉटेलातल्या डुगडुगणाऱ्या टेबलासारखं एक चाक हवेत. खऱ्या इंजिनात दोन आसांमधलं अंतर 8 फूट धरलं तर 1:87 ला ते होतं जेमतेम 28 मिलिमीटर. इन्सुलेटेड पॉइंटवर जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो फ्रॉग प्लास्टिकचा असतो, तिथे चाकाला करंट मिळतच नाही, आणि तुमचं घोडं नेमकं तिथेच पेंड खातंय. याउलट अमेरिकेच्या इएमडी कंपनीचं एसडब्ल्यू जातीचं डिझेल शंटर घ्या, दोन बोगींच्या (चार-चार चाकांच्या गाड्यांच्या) मध्यांमधलं अंतर खऱ्यात 22 फूट, म्हणजे मॉडेलमध्ये पहिल्या चाकापासून शेवटच्यापर्यंत दहा सेंटिमीटरच्या वर, आणि आठही चाकं करंट घेणारी. एखादं चाक फ्रॉगवर असलं तरी बाकीची तारून नेतात.

करायचं काय ते सांगतो. इंजिन फोमवर उलटं ठेवा, 9 व्होल्टच्या बॅटरीला दोन वायरी लावा आणि डावं-उजवं एकेक चाक जोडीने टेकवून बघा. ज्या जोडीला मोटर फिरत नाही तिथे चाकामागची पितळी पट्टी चाकाला टेकत नसणार किंवा तिच्यावर केस, धूळ आणि तेलाचा काळा थर बसलेला असणार. तो पुसा, पट्टी अगदी हलक्या हाताने वाकवून चाकाला टेकवा, जास्त दाबलीत तर ब्रेक लावल्यासारखं होईल. चाकं पुसायला टिश्यू आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून रुळावर आडवा टाका, इंजिनाची पुढची चाकं त्यावर आणि मागची उघड्या रुळावर ठेवून पॉवर द्या, चाकं जागच्या जागी फिरून टिश्यूवर दोन काळे पट्टे उमटतील, मग इंजिन फिरवून मागची. पॉलिश पेपरने रूळ घासू नका, ओरखड्यांत घाण जास्त साठते. आणि डोंबिवलीच्या दमट हवेत रूळ पितळेचे असले तर ते लवकर काळे पडणारच, जर्मन सिल्व्हरचे घ्या.

एवढं करूनही अडलं तर पॉइंट बदला. पेको कंपनीचे इलेक्ट्रोफ्रॉग किंवा युनिफ्रॉग घेतलेत तर फ्रॉग धातूचा असतो आणि त्याला करंट देता येतो, फक्त पॉइंट फिरला की त्याची पोलॅरिटीही फिरायला हवी, त्यासाठी पॉइंटला जोडून एक मायक्रोस्विच लावलेला बरा. पैसे वाचवायचे असतील तर दुसरा जुगाड म्हणजे इंजिनाच्या मागे एक छोटा उघडा डबा कायमचा जोडायचा, त्याच्या चाकांतून करंट घेऊन दोन बारीक मऊ वायरी इंजिनात न्यायच्या. दिसायलाही खोटं वाटत नाही, इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेत शंटिंगच्या माणसांना उभं राहायला खरोखर तसे डबे असायचे.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): बेसमेंटमध्ये डीसीसी (रुळातून डिजिटल सिग्नल देऊन इंजिन चालवायची पद्धत) लेआउट आहे. जीई 44-टनर या डिझेल शंटरमध्ये कीप-अलाइव्ह कपॅसिटर बसवावा का? मुलगा म्हणतो बाबा बसवाच, पण आत जागा दिसत नाही.

उत्तर: मुलाचं ऐका, पण आधी वरचं सगळं करून. कीप-अलाइव्ह म्हणजे काय तर करंट तुटला की क्षणभर डिकोडरला (सिग्नल वाचून मोटर चालवणाऱ्या इंजिनातल्या चिपला) तगवणारा साठा, घाण रुळावरचा तो इलाज नाही. जागेचं म्हणाल तर हेच दुर्दैव आहे, ज्या इंजिनाला त्याची सगळ्यात जास्त गरज त्याच्यातच जागा नाही. 44-टनरची कॅब मधोमध, दोन्हीकडे बुटकी हुड आणि त्यांत वजनं. मी तरी वजन कापून जागा करायच्या विरुद्ध आहे, कारण चाक रुळाला दाबून धरतं ते वजनच. कॅबच्या छताखाली चपटे कपॅसिटर चिकटवून बघा, खिडकीतून दिसू नये म्हणून काळा रंग द्या.

बसवल्यावर दोन गोष्टी. सीव्ही (डिकोडरमधल्या क्रमांक दिलेल्या सेटिंग) 29 मधला डीसी मोड बंद करा, बऱ्याच डिकोडरना तो आकडा कारखान्यातून 6 येतो, त्याचा 2 करा, नाहीतर सिग्नल तुटल्यावर डिकोडरला वाटतं आपण डीसीवर आहोत आणि इंजिन भलत्याच स्पीडने सुटू शकतं. दुसरं म्हणजे प्रोग्रामिंग ट्रॅकवर (सेटिंग करायच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही वाचताना एरर आली तर घाबरू नका, कपॅसिटरमुळे तसं होतं, मेन लाइनवर प्रोग्राम करा.

जाता जाता, हे इंजिन 44 टनांचंच का, तर 1937 च्या कामगार करारानुसार चालत्या चाकांवर 90,000 पौंड किंवा जास्त वजन असलं की ड्रायव्हरच्या जोडीला फायरमन ठेवावा लागे. 44 अमेरिकन टन म्हणजे 88,000 पौंड. एका माणसाचा पगार वाचवायला अख्खं इंजिन बेतलं, आणि 1940 पासून ते खपलंही.

प्रश्न (पुणे): कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये गाड्या किती सफाईने चालतात! माझा शंटर एकतर थांबतो नाहीतर उडी मारून पळतो. शंटिंगचा स्पीड किती असावा? आणि डबे किती ओढायला हवेत?

उत्तर: स्पीड घड्याळ लावून बघा. खऱ्या यार्डात डबे जोडताना माणूस भरभर चालेल तितकाच वेग असतो, ताशी 8 किलोमीटर धरला तर एचओमध्ये सेकंदाला अडीच सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे एक मीटर जायला जवळजवळ 40 सेकंद. बघताना कंटाळा येईल इतकं हळू. एवढ्यावर न अडखळता चाललं तर इंजिन पास. डीसीसी असेल तर सीव्ही 2 एकेक आकड्याने वाढवत जा, पहिल्या स्टेपला चाक जेमतेम हलायला लागलं की थांबा. सीव्ही 3 आणि 4 मध्ये थोडी भर घातलीत तर उडी जाते, पण फार घालू नका, थांबवायला गेलात की गाडी बफरवर. नवीन इंजिन असेल तर आधी दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मध्यम स्पीडमध्ये मोकळं फिरवा, गिअर बसतात.

डब्यांची काळजी करू नका. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओचा डबा 1 औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे 40 फुटी बॉक्सकार (बंद मालडबा) साधारण 106 ग्रॅमचा. शंटरला असे पाच-सहा डबे सपाटीवर हलवता आले तरी भरपूर. इंग्लंडच्या इंगलनूक या शंटिंगच्या कोड्यात एकूण आठ वाघिणी असतात आणि त्यातल्या पाच ठरलेल्या क्रमाने लावायच्या, तेवढ्यात संध्याकाळ जाते. वजन वाढवायचंच तर टंगस्टन पुट्टी वापरा, घरात लहान मूल असेल तर शिसं नको. तोल चाकांच्या मधोमध राहू द्या, सगळं कॅबमध्ये कोंबलंत तर पुढची चाकं उचलली जातील आणि परत करंटचं रडगाणं. भरल्यावर इंजिन हाताने अडवून पूर्ण पॉवर क्षणभर द्या. चाकं घसरली तर ठीक, नुसती मोटर गुरगुरली तर वजन जास्त झालंय, काढा.

प्रश्न (नागपूर): गिअरला कुठलं तेल? घरात खोबरेल आहे.

उत्तर: खोबरेल डोक्याला लावा! नागपूरच्या थंडीत ते गोठेल आणि इंजिन जागचं हलणार नाही. प्लास्टिकला चालेल असं लिहिलेलं हलकं तेल घ्या, आसाला सुईच्या टोकावर राहील एवढाच थेंब, गिअरला प्लास्टिकला चालणारं ग्रीस. मोटरच्या ब्रशवर आणि करंट घेणाऱ्या पट्ट्यांवर मात्र काहीच नको.