बातमीचे फोटो काढणारा माणूस गॅलरीचा प्रमुख झाला, तर त्याला ते काम जमतं का?

तुम्ही विचारलंय की वर्तमानपत्रात आयुष्य घालवलेल्या तुमच्या काकांना एका फोटो गॅलरीचं प्रमुखपद देऊ केलंय, तर त्यांनी ते घ्यावं का. मी त्याच वाटेने आलो. २२ वर्षं बातमीचे फोटो काढले, गेली ९ वर्षं गॅलरी बघतो. घ्यावं. फक्त पहिलं वर्ष अंगावर येतं.

मला वाटायचं, आपलं कसब म्हणजे वेळेवर पोहोचणं. गॅलरीत घाई कुणालाच नसते, त्यामुळे ते कसब खुंटीला टांगावं लागलं. कामी आली ती एका रोलच्या ३६ फ्रेममधल्या ३५ बाजूला सारायची सवय. पण तिनेही आधी तोंडावर पाडलं. पहिल्या प्रदर्शनात मी सगळे पहिल्या पानावर छापून आलेले फोटो लावले. लोक पाच मिनिटांत फिरून बाहेर! मथळा आणि तारीख काढून घेतल्यावर निम्मे फोटो मुके झाले होते. मग जुन्या कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे अख्ख्या रोलचे फोटो छोट्या आकारात छापलेले कागद, बाहेर काढल्या. सभा आटोपल्यावर खुर्च्या रचता रचता तिथेच डुलकी लागलेला एक पोरगा होता. त्या रात्री वर्तमानपत्राच्या संपादकीय डेस्कने 'यात बातमी कुठाय?' म्हणून तो फोटो परत केला होता. भिंतीवर त्याच्यापुढेच लोक थांबले.

कॉर्नेल कापाचं नाव काकांना ठाऊक असेलच. 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाच्या डार्करूममधून वर आलेला फोटोग्राफर. १९५४ मध्ये युद्धाचे फोटो काढणारा त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट इंडोचायनात सुरुंगावर पाय पडून गेला. त्याच महिन्यात फोटोग्राफर वर्नर बिशॉफ गेला, दोन वर्षांनी सुएझमध्ये डेव्हिड सेमूर, तोही फोटोग्राफरच. या मंडळींच्या निगेटिव्ह अडगळीत जाऊ नयेत म्हणून कॉर्नेलने १९६६ मध्ये एक निधी उभारला आणि त्यातूनच १९७४ मध्ये न्यूयॉर्कचं इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी आकाराला आलं. संग्रह, प्रदर्शन आणि शाळा एकाच छताखाली. रॉबर्ट, सेमूर वगैरेंच्या स्पेनच्या यादवीतल्या, हरवल्या म्हणून सोडून दिलेल्या सुमारे ४,५०० निगेटिव्ह २००७ च्या अखेरीस मेक्सिकोहून तिथे पोहोचल्या, तेव्हा कॉर्नेल हयात होता. दुसऱ्याचं काम सांभाळायची अशी चिकाटी असेल तर गॅलरी चालते. स्वतःचेच फोटो लावायला मिळतील म्हणून पद घेणारे मी पाहिलेत. त्यांच्याविषयी न बोललेलं बरं.

ढाक्यात फोटोग्राफर शाहिदुल आलम यांनीही अशीच वाट धरली: १९८९ मध्ये 'दृक' ही फोटो संस्था आणि १९९८ मध्ये 'पाठशाला' ही फोटोग्राफीची शाळा काढली. आपल्या देशाचे फोटो बाहेरच्यांनीच काढायचे आणि त्यात पूर नि गरिबीच दिसायची, ही त्यांची चीड होती.

नवख्यांना शिकवणं मला सर्वांत जड गेलं. एक मुलगी सहा महिन्यांचं काम घेऊन आली. मी डेस्कवर बसल्यासारखे पटापट त्यातले १२ फोटो निवडून दिले. फोटो उत्तम, पण ते माझे झाले होते, तिचे राहिले नव्हते. ती पुन्हा आली नाही. आता प्रिंट टेबलावर पसरायला लावतो, बाद करायचं त्यांनीच, मी 'हा का बाद केलास?' एवढंच विचारतो. गप्प बसणं अजून नीट जमत नाही.

काकांना एक मात्र आजच विचारा: निगेटिव्ह जपल्यात का? जपल्या असतील तर पद घेण्याआधी त्यांवर तारीख आणि जागा लिहायला बसवा. माझ्या तीन ट्रंका अजून बिनतारखेच्या पडल्यात.