जुनी माझदा एमएक्स-५ गरम झाली की ओढत नाही, पंप बदलूनही फरक नाही. आता काय तपासू?

तुमचं वर्णन असं: गाडी १९९०ची, १.६ लिटर इंजिनाची. अर्धा तास चालली की वरच्या आरपीएमला ओढेनाशी होते, मग बंद पडते, आणि पंधरा मिनिटं उभी ठेवली की काही झालंच नाही अशी सुरू होते. टाकी पावपेक्षा कमी असली की त्रास वाढतो. फ्युएल पंप आणि बाहेरचा फिल्टर बदलून झालाय, आता इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे नोझल) बदलायचा विचार आहे.

इंजेक्टर सध्या राहू द्या. चारही इंजेक्टर एकदम बिघडायचे आणि थोडं थांबलं की बरे व्हायचे, असं सहसा होत नाही. आणि मोजल्याशिवाय यापुढे एकही पार्ट विकत घेऊ नका.

आधी दोष पेट्रोलचाच आहे ना, ते बघा. गाडी गिअरमध्ये असताना बंद पडते त्या क्षणी आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवा. चाकं इंजिनाला फिरवत असूनही काटा धाडकन शून्यावर आला, तर स्पार्कचा सिग्नल गेला असं समजा. मग क्रँक अँगल सेन्सर (इंजिन कुठे फिरलंय ते सांगणारा) आणि इग्नायटर (स्पार्कची कॉइल चालवणारा) यांच्याकडे वळायचं. पेट्रोल कमी पडतं तेव्हा गाडी अशी फटकन मरत नाही. तिला दम लागतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की अडखळते, थोडा सोडला की पुन्हा चालते. तुम्ही लिहिलंय ते या दुसऱ्या प्रकाराशी जास्त जुळतं.

आता प्रेशर गेज लावा. फिल्टर आणि इंजिनावरची फ्युएल रेल (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) यांच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) बसवून लावायचा. लाईन उघडण्याआधी पंपाचा करंट तोडून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे प्रेशर उतरतं. काम मोकळ्या हवेत करा, अग्निशामक हाताशी ठेवा. इंजिन बंद ठेवून बॉनेटखालच्या डायग्नोसिस बॉक्समधले एफ/पी आणि जीएनडी हे टर्मिनल वायरने जोडा आणि चावी ऑन करा. पंप चालू होईल. (या १.६ मध्ये नुसती चावी ऑन करून पंप वाजत नाही. सेल्फ मारताना तो चालतो, आणि पुढे एअरफ्लो मीटरच्या (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या भागाच्या) झडपेतला स्विच त्याला चालू ठेवतो. त्यामुळे आवाज आला नाही म्हणून पंप गेला असं धरू नका.) गेजवर २.७ ते ३.२ बार दिसायला हवं. आयडलिंगला, रेग्युलेटरची (पेट्रोलचं प्रेशर ठरवणाऱ्या भागाची) व्हॅक्यूमची नळी जोडलेली असताना, साधारण २.१ ते २.६. ती नळी काढून बघा: प्रेशर लगेच वर जायला हवं. नळीत पेट्रोलचा ओलावा असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, शोध तिथेच संपला.

पण थंड गाडीवर हे आकडे बरोबर येतील, असा माझा अंदाज आहे. तुमचा दोष गरम असताना आणि लोडवर येतो, तेव्हा मोजमापही तेव्हाच हवं. गेजला लांब नळी लावून तो विंडस्क्रीनच्या बाहेरच्या बाजूने घट्ट चिकटवा. पेट्रोलची नळी केबिनमध्ये मुळीच आणू नका. सोबत कोणाला तरी घ्या, म्हणजे तुमचं लक्ष रस्त्यावर राहील. पूर्ण ॲक्सिलरेटरवर व्हॅक्यूम जातो, त्यामुळे प्रेशर तीनच्या आसपास चढून टिकायला हवं. आरपीएम वाढताना काटा खाली घसरत गेला, तर पेट्रोल पुरत नाहीये हे नक्की.

घसरला तर गाडी बाजूला घ्या, टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा जोरात आवाज आला आणि गाडी पुन्हा नीट चालली, तर टाकीची व्हेंट लाईन (टाकीत हवा येऊ देणारी नळी) चोक आहे. तसं नसेल तर सीटमागचं कार्पेट आणि त्याखालचा पत्रा काढा, पंपाचा कनेक्टर तिथेच आहे. इंजिन चालू ठेवून पंपाच्या दोन्ही टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी असेल तर रिले, काळा पडलेला कनेक्टर किंवा अर्थिंग तपासा. नवा पंपही जुन्या वायरिंगवर मान टाकतो.

व्होल्टेज ठीक निघालं तर माझा पहिला संशय टाकीत पंपाच्या तोंडावर असलेल्या जाळीवर आहे. पंप बदलताना जाळी जुनीच परत बसवली का, हे मेकॅनिकला नक्की विचारा. हे फार वेळा होतं. गंजाचा बारीक गाळ पंपाच्या ओढीने जाळीला चिकटत जातो आणि पंप थांबला की सुटून तळाशी बसतो. पंधरा मिनिटांनी गाडी ठणठणीत होण्याचं कारण बहुधा हेच. मी पाहिलेल्या अशा एका जाळीवर वरून नुसता तपकिरी रंग होता, बोटांनी चोळल्यावर ओल्या पिठासारखा थर निघाला.

टाकी कमी असताना त्रास वाढतो, त्याला आणखी एक जागा आहे: पंपापासून वर जाणारी आखूड रबरी नळी. ती तडकली की प्रेशर आतल्या आतच गळतं, बाहेर थेंबही दिसत नाही. बदलताना पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायला चालणारीच नळी घ्या, एसएई ३०आर१० छापलेली. साधी फ्युएल होज आतून पेट्रोल सहन करते, बाहेरून बुडवली की फुगते.

जाळी गाळाने भरलेली निघाली तर टाकी उतरवून धुवा आणि बाहेरचा फिल्टर पुन्हा नवा टाका, कारण तुम्ही बसवलेला फिल्टरही तोच गाळ गाळत होता. गेजचे आकडे मिळाले की इथे लिहा, रेग्युलेटरचं नंतर बघू.