कांद्याचे डेंगळे: जनुकांची तपासणी काय सांगते, शेतात काय करावे

प्रश्न (जुन्नर तालुका): रांगडा (खरीप आणि रब्बी यांच्या मधल्या हंगामाच्या) कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, फार येतात. पानाची जनुकीय तपासणी केली तर ते आधी कळेल का? डेंगळे मोडले तर कांदा सुधारतो का?

उत्तर: फुलोऱ्याची जनुके प्रत्येक रोपात असतातच. प्रश्न असतो ती कधी चालू होतात हा. चालू झालेले जनुक आरएनए (जनुकातल्या माहितीची रेणूरूपी प्रत) तयार करते आणि त्याचे प्रमाण मोजता येते. न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०१३ मध्ये कांद्यात हेच मोजून दाखवले. एफटी नावाच्या जनुकांपैकी एफटी-१ चालू झाले की कांदा पोसू लागतो. दिवस लहान असेपर्यंत एफटी-४ त्याला अडवून धरते. थंडी मिळाल्यावर एफटी-२ चालू होते आणि फुलोरा येतो. म्हणजे कांदा पोसणे आणि डेंगळा येणे यांची बटणे वेगळी आहेत.

तरीही तुमच्या शेतासाठी ही तपासणी करू नका. आरएनए फार लवकर नासतो. पान तोडताच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० अंशांवर ठेवावे लागते. शिवाय या जनुकांचे काम दिवसाच्या वेळेनुसार कमीजास्त होते. एक नमुना सकाळी आणि दुसरा दुपारी घेतला, तर दिसणारा फरक वाणाचा नसून घड्याळाचा असू शकतो. किमान तीन वेगवेगळ्या रोपांचे नमुने नसतील तर आकड्यांवर विसंबू नये. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयासारख्या ठिकाणी मात्र वाण निवडताना अशा नोंदी खरोखर मोलाच्या ठरतात.

तुमच्या हातात आहे ते रोपाचे वय. कोवळ्या रोपावर थंडीचा हा परिणाम होत नाही, जाड मानेच्या रोपावर होतो. रांगड्याची लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरची, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात तो नेमका मोठा झालेला सापडतो. म्हणून रोप ४५ ते ५० दिवसांचेच लावा. पेन्सिलीएवढ्या मानेची रोपे वेचून टाका, मजूर कुरकुरले तरी. लागवड १५ बाय १० सेंमीवर करा. नत्राची उपासमारही डेंगळे वाढवते, तेव्हा लागवडीनंतर ३० आणि ४५ दिवसांचे हप्ते चुकवू नका. त्यापुढे मात्र युरिया नको, माना जाड राहतात. घरचे बी धरत असाल तर डेंगळे आलेल्या झाडाचे कधीही धरू नका.

डेंगळा मोडून कांदा पूर्ववत होत नाही, आतला कडक दांडा तसाच राहतो. असा माल कांदा साठवायच्या चाळीत भरू नका. काढणीवेळीच वेगळा काढून आधी विका.