शांघायला पोचल्यावर कोणतं काम आधी, कोणतं नंतर?

तुमचा प्रश्न असा: नोकरीसाठी झेड व्हिसावर शांघायला एकटा जातोय, शाकाहारी आहे, चिनी येत नाही, पहिल्या आठवड्यात काय काय उरकावं?

कामं फार नाहीत, पण ती एकमेकांत अडकलेली आहेत. चिनी मोबाइल नंबरशिवाय बँक खातं उघडत नाही, राहण्याची पोलीस नोंद नसेल तर निवास परवाना अडतो. त्यामुळे सगळा खेळ क्रमाचा आहे.

निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीच्या कार्डाचे परदेशी व्यवहार चालू करा. आपल्याकडे ते मुळात बंद असतात. तिथे यूपीआय चालत नाही. भारतातल्या सिमवर रोमिंग घ्याच, कारण कार्ड जोडताना ओटीपी त्याच नंबरवर येतो. शिवाय रोमिंगचा डेटा भारतातल्या नेटवर्कमार्फत जातो, म्हणून जीमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप त्यावर चालतात. हॉटेलच्या वायफायवर किंवा चिनी सिमवर चालत नाहीत. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे दोन दिवस मेसेज गेला नाही तरी ते घाबरणार नाहीत. वीचॅटवर, म्हणजे तिथे मेसेज आणि पैशांसाठी सगळे वापरतात त्या अ‍ॅपवर, भारतात 2020 पासून बंदी आहे आणि चीनमध्ये गूगल प्ले उघडत नाही. अँड्रॉइडवाल्यांनी तिथे पोचल्यावर ते वीचॅटच्या अधिकृत साइटवरून उतरवावं. नवं खातं उघडताना कधीकधी जुन्या वापरकर्त्याला क्यूआर स्कॅन करून तुमची हमी द्यावी लागते. ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्याला आधीच विचारून ठेवा.

पहिले काही दिवस हॉटेलातच राहा, असं मी आग्रहाने सांगेन. परदेशी माणसाची राहण्याची नोंद पोलिसांकडे 24 तासांत व्हावी लागते. हॉटेल ती स्वतः करतं. भाड्याच्या घरात किंवा मित्राकडे उतरलात तर ती जबाबदारी तुमची. त्यासाठी पासपोर्ट, भाडेकरार आणि घरमालकाची कागदपत्रं लागतात. चुकलात तर 2000 युआनपर्यंत दंड होऊ शकतो. घर बदललं की नोंद पुन्हा करायची. झेड व्हिसावर आल्यापासून 30 दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि अर्ज दिला की पासपोर्ट काही दिवस परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे राहतो. म्हणून पासपोर्ट दाखवावा लागेल अशी कामं, म्हणजे सिम आणि शक्य झालं तर बँक, त्याआधी उरका. पासपोर्टचे फोटो मोबाइलवर हवेतच.

आता नावाबद्दल, कारण मराठी माणसाची सगळ्यात जास्त पंचाईत इथेच होते. समजा पासपोर्टवर दिलेलं नाव 'अमित सुरेश' आणि आडनाव 'पाटील' आहे. सिमवाला 'पाटील अमित सुरेश' लिहितो, बँकेतला कारकून 'अमित सुरेश पाटील' किंवा मधल्या जागा गाळून सलग लिहितो, वीचॅटमध्ये तुम्ही वडिलांचं नाव गाळता. माणसाला हे सगळं एकच वाटतं, संगणकाला तीन वेगळी माणसं वाटतात, आणि बँकेचं खातं वीचॅटला जोडताना पडताळणी नापास होते. पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळींत आडनाव आधी असतं. तोच क्रम सगळीकडे धरा. सिम घेताना काउंटर सोडण्यापूर्वी पडद्यावरचं नाव स्वतः वाचा, जागांसकट त्याचा फोटो घ्या आणि बँकेत तोच फोटो दाखवा. नंतर दुरुस्ती करायची म्हणजे परत दुकानात हेलपाटे.

पैशांसाठी अलीपे या चिनी पेमेंट अ‍ॅपवर पासपोर्टची पडताळणी करून भारतीय कार्ड जोडा. 200 युआनपर्यंतच्या खरेदीला त्यांचं शुल्क नाही, त्यापुढे 3 टक्के लागतं. विदेशी कार्डावरून एखाद्या माणसाला थेट पैसे पाठवता येत नाहीत. त्यामुळे एखाद्या भाजीवाल्याने आपला वैयक्तिक क्यूआर पुढे केला तर व्यवहार फसतो. 10 आणि 20 च्या नोटांत पाचेकशे युआन खिशात असू द्या. मेट्रोचा कोड आणि दीदीची टॅक्सी अलीपेमध्येच मिळते. घराचा आणि ऑफिसचा पत्ता मात्र चिनी अक्षरांत ठेवा, इंग्रजी पत्ता टॅक्सीवाल्याला वाचता येईलच असं नाही.

घर भाड्याने घेताना बहुतेक ठिकाणी एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ मागतात. एजंटची दलाली वेगळी. म्हणजे पहिल्याच फटक्यात चार महिन्यांच्या भाड्याहून जास्त रक्कम लागते, तेवढी तयारी असू द्या.

रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. वाहनं उजव्या बाजूने चालतात. पादचाऱ्यांचा दिवा हिरवा असतानाही उजवीकडे वळणाऱ्या गाड्या येतात, आणि विजेवरच्या स्कूटर आवाज न करता, कधी उलट्या दिशेनेही.

जेवणाचं थोडं सविस्तर सांगतो. नुसतं 'मांस नको' म्हटलंत तर भाजीत डुकराचा खिमा, हाडांचं पाणी किंवा ऑयस्टर (कालवांचं) सॉस येऊ शकतं. मापो टोफू आणि परतलेल्या फरसबीत खिमा बहुतेक असतोच. म्हणून या तिन्ही गोष्टी आणि चरबी नको, अंडं चालतं की नाही, हे चिनी अक्षरांत लिहून मोबाइलवर ठेवा. बौद्ध शाकाहारी हॉटेलं सगळ्यात निर्धास्त. मंडईत आलं, लसूण, कोथिंबीर, शेंगदाणे, अख्खे मूग सहज मिळतात, जिरंही मिळतं. तूरडाळ ऑनलाइन मागवावी लागते. साधं पीठ म्हणून जे मिळतं तो मैदा, पोळ्या वातड होतात. गव्हाचं अख्खं पीठ मागा. रोजचा तांदूळ चिकट असतो, मोकळा भात हवा तर थाई तांदूळ घ्या. सिचुआनी मिरी चाखून बघाच, आपल्या कोकणातल्या तिरफळाच्याच जातकुळीतली आहे.

कुकर नेणार असाल तर इंडक्शनचा तळ असलेलाच न्या, साधा अ‍ॅल्युमिनियमचा इंडक्शनच्या शेगडीवर तापतच नाही. वीज जवळपास आपल्यासारखीच, 220 व्होल्ट, पण आपली गोल तीन पिनांची प्लग बसत नाही, अडॅप्टर लागतो. नळाचं पाणी उकळूनच प्या. व्हिसा-परवान्याबद्दल शंका आली तर 12367 वर फोन करा. तिथे इंग्रजीत बोलता येतं.