ऊ, उवा आणि उलटणारा ताप

प्रश्न असा आहे : ‘एखादी उवा चावल्याने होणाऱ्या रिलॅप्सिंग फीव्हरला मराठीत विषमज्वर म्हणावं का?’

अजिबात म्हणू नये. आजच्या मराठीत विषमज्वर म्हणजे टायफॉइड, आणि तो दूषित अन्नपाण्यातून येतो. जुन्या वैद्यकात तृतीयक, चतुर्थक असे ठरावीक दिवसांनी परतणारे ताप विषमज्वरात धरत. चरकाने ‘पुनरावर्तक ज्वर’ सांगितला आहे, पण तो अंगात ताकद येण्याआधी अपथ्य केल्यामुळे परतणारा कुठलाही ताप. आपण ‘दुखणं उलटलं’ म्हणतोच. मग ‘उलटणारा ताप’ म्हणायला काय हरकत आहे? काही दिवस फणफणून ताप घाम फुटून एकदम उतरतो, माणूस आठवडाभर हिंडूफिरू लागतो आणि पुन्हा अंथरूण धरतो. या तापाचा बोरेलिया हा मळसूत्री जंतू मधल्या काळात अंगावरचं प्रथिन बदलतो, त्यामुळे आधी तयार झालेली प्रतिपिंडं त्याला ओळखत नाहीत.

‘चावल्याने’ हा शब्दही खोडा. ऊ नखावर चिरडली, तिच्या अंगातला द्रव बोटाला लागला आणि त्याच बोटाने अंग खाजवलं, की ओरखड्यातून जंतू आत जातो. ही ऊ कपड्यांच्या शिवणीत राहते आणि तिथेच लिखा घालते. फणी फिरवून ती जायची नाही. कपडे उकळावे लागतात. हा ताप उवांमुळे पसरतो, हे नाशिकच्या साथीत मॅकी या ब्रिटिश डॉक्टरांनी 1907 साली ताडलं होतं : मुलांच्या अंगावर उवा जास्त आणि तापही जास्त, मुलींमध्ये दोन्ही कमी.

आता ‘एखादी उवा’. हे ऐकलं की कान किटतात. एक ऊ, अनेक उवा; जशी जाऊ-जावा, सासू-सासवा, जळू-जळवा, पिसू-पिसवा. आणि हा शब्द हिंदीच्या ‘जूँ’वरून आला असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी पाली भाषेचा कोश उघडून पाहावा. संस्कृत यूका, पाली ऊका, प्राकृत ऊआ, मराठी ऊ. हिंदीत ‘य’चा ‘ज’ झाला, आपल्याकडे तो गळाला. दोघी बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. यूकेची जोडीदार लिक्षा, म्हणजे आपली लीख. क्षुद्र जंतूंचा समास एकवचनी होतो, या पाणिनीच्या नियमाला टीकाकारांनी उदाहरण दिलं ते ‘यूकालिक्षम्’. ‘उवालिखा’ आपण आजही जोडीनेच म्हणतो! कौटिल्याने तर त्यांची मापंच केली : आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यवमध्य (जवाच्या दाण्याचा मधला भाग), आठ यवमध्यांचं एक अंगुळ. म्हणजे यूका अंगुळाचा 64वा भाग. खरी ऊ याहून कितीतरी मोठी असते, तेव्हा माझ्या मते मोजणाऱ्यांनी ऊ कधी मोजलीच नाही. डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या वस्तूंची नावं ओळीने लावली. मापांना किड्यांची नावं देणं कुणाला अनादर वाटेल. मला ती बारीक नजर वाटते.

राहिली गोचीड. या तापाचा दुसरा प्रकार तिच्यामुळे होतो, पण ती गुरांच्या कानामागे दिवसेंदिवस चिकटून फुगणारी नव्हे. पाठीवर कठीण ढाल नसलेली ही मऊ गोचीड आफ्रिकेत मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते, रात्री अर्ध्या तासाच्या आत रक्त पिऊन परत जाते, आणि झोपलेल्याला पत्ता लागत नाही. तिला कीटक लिहू नका. पाय आठ आहेत, ती कोळ्याच्या कुळातली.