एक्झॉस्ट बदलून गाडीचा आवाज खरोखर चांगला करता येतो का?

तुमच्याकडे 2016 सालची पेट्रोल होंडा सिटी आहे, आवाज भारदस्त हवा आहे पण फटाक्यांसारखा नको, आणि गॅरेजवाला सायलेन्सरचे सगळे डबे काढून सरळ पाइप टाकण्याचा सल्ला देतो आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तो सल्ला मानू नका. मी गाड्यांचा आवाज आणि कंपने मोजण्याच्या कामात आहे, आणि सरळ पाइप टाकून समाधानी राहिलेला सिटीचा मालक मला अजून भेटलेला नाही. पहिल्या लांबच्या प्रवासानंतर बहुतेकांना जुना सायलेन्सर परत बसवावासा वाटतो. त्याचे कारण समजून घेतले, तर काय बदलायचे आणि कशाला हात लावायचा नाही हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे चार सिलिंडरांच्या इंजिनातून एका फेरीत वायूचे दोन ठोके बाहेर पडतात. 3,000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 3,000 फेऱ्या होत असताना, सेकंदाला 50 फेऱ्या होतात, म्हणून मूळ स्वर 100 हर्ट्झचा असतो. सहा सिलिंडरांच्या इंजिनाचा त्याच आरपीएमला 150, तर तीन सिलिंडरांच्या इंजिनाचा 75. हा स्वर इंजिन ठरवते, सायलेन्सर नाही. अमेरिकी व्ही-8 गाड्यांची घरघर येते ती त्यांच्या क्रँकच्या रचनेमुळे प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांचे ठोके असमान अंतराने पडतात म्हणून, आणि जुन्या सुबारूंचा प्रसिद्ध आवाज येतो तो मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांमधून वायू गोळा करणाऱ्या भागाच्या, नळ्या कमीजास्त लांबीच्या असल्यामुळे. तुमच्या इंजिनाचे ठोके समान अंतराने पडतात, त्यामुळे कितीही खर्च केला तरी त्यातून व्ही-8 निघणार नाही. मात्र होंडाचे हे इंजिन वरच्या आरपीएमला मोकळेपणाने फिरते आणि 4,000 च्या पुढे त्याचा स्वतःचा असा एक स्वच्छ, चढता सूर आहे. सायलेन्सरकडून अपेक्षा एवढीच ठेवावी, की त्याने तो सूर झाकू नये आणि खालची घुमघुम मात्र आत येऊ देऊ नये.

सरळ पाइप नेमके उलट करतो. महामार्गावर शेवटच्या गिअरमध्ये एका वेगाने जाताना इंजिन बहुधा 2,000 ते 3,000 आरपीएमच्या दरम्यान राहते, म्हणजे मूळ स्वर 67 ते 100 हर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि सेडानच्या केबिनमधली हवा याच पट्ट्यात सहज घुमते. मग एका ठरावीक वेगाला आरसा थरथरतो, मागच्या सीटवरचा माणूस बोललेले ऐकू येत नाही आणि साताऱ्याला पोहोचेपर्यंत डोके जड होते. गल्लीतल्या दोन मिनिटांच्या फेरीत किंवा कात्रजच्या बोगद्यात हे कळत नाही, कारण बोगद्याच्या भिंतींवरून परत येणारा आवाज कोणत्याही गाडीला भव्य करतो. आवाजाची पारख मोकळ्या रस्त्यावर, काचा वर करून, एक वेग धरून निदान पंधरा-वीस मिनिटे करावी.

कंपनीचा मागचा डबा उभा कापलेला मी अनेकदा पाहिला आहे. आत पत्र्याच्या आडव्या भिंती असतात, त्यांनी दोन-तीन कप्पे पाडलेले असतात, आणि भोके पाडलेल्या नळ्या एका कप्प्यात उघडून दुसऱ्यातून निघतात. वायूला वळणे घेत जावे लागते आणि परतणाऱ्या ध्वनिलहरी येणाऱ्या लहरींना काही प्रमाणात मारतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सायलेन्सरांत मात्र एकच सरळ, सच्छिद्र नळी आणि तिच्याभोवती काचतंतूंची लोकर असते. ही लोकर वरचा तिखट आवाज चांगला शोषते, पण 80-100 हर्ट्झच्या लांब लहरींपुढे तिचे फारसे चालत नाही. म्हणूनच मी सुचवेन की मधला रेझोनेटर, म्हणजे पाइपच्या मध्यावरचा घुमघुम मारणारा छोटा डबा, जागेवर राहू द्यावा आणि फक्त मागचा डबा बदलावा, तोही मिळेल तेवढा मोठ्या आकारमानाचा. पाइपचा व्यास वाढवायच्या फंदात पडू नये. इंजिनाला बॅकप्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला अडवणारा दाब, लागतो ही समजूत चुकीची आहे, पण वायूचा वेग लागतो, आणि दीड लिटरच्या इंजिनाला दोन इंचांच्या आसपासचा पाइप पुरतो. त्याहून मोठा टाकला की खालच्या आरपीएमचा जोर जातो.

एवढे करूनही घुमघुम राहिलीच, तर तिच्यावर नेमका उपाय आहे. एक्झॉस्टच्या पाइपला दुसऱ्या टोकाला बंद असलेली एक फांदी जोडायची, जिची लांबी त्या त्रासदायक लहरीच्या लांबीच्या पाव भागाइतकी असेल. फांदीत शिरलेली लहर बंद टोकावर आपटून उलटी परतते आणि मूळ लहरीला रद्द करते. समजा, त्रास 2,500 आरपीएमला आहे, म्हणजे 83 हर्ट्झ. फांदीतल्या वायूचे तापमान 150 अंश धरले तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 412 मीटर होतो, म्हणजे लहर सुमारे पाच मीटरची, आणि फांदीची लांबी निघते साधारण सव्वा मीटर. तापमानाचा अंदाज थोडा चुकतोच, म्हणून टोक आधी कायमचे बंद न करता लांबी मागेपुढे करून पाहावी. एवढी फांदी गाडीखाली वळवून बसवायला जागा शोधावी लागते, पण परिणाम इतका स्पष्ट असतो की पैसे कुठे खर्च करावेत असे कुणी विचारले तर मी महागड्या ब्रँडऐवजी हेच सांगतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला कोणत्याही कारणाने हात लावू देऊ नका. त्यातले प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम विषारी वायू निष्प्रभ करतात. तो काढला की आवाज कर्कश होतो, इंजिनाचा दिवा लागतो, पीयूसी अडते आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या छातीत तो धूर जातो. कायद्याचेही भान ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 120 सायलेन्सर बंधनकारक करतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणाच्या उल्लंघनासाठी कलम 190 खाली दंड 10,000 पर्यंत जातो. मागचा डबा बदलणे हाही बदलच आहे. त्यामुळे काम करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्या आणि बाहेरचा आवाज मूळच्या जवळपासच राहील असे पाहा. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. पहाटे थंड इंजिन चढ्या आरपीएमला सुरू होते तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये झोपमोड कुणाची होते, याचाही विचार व्हायला हवा.

ज्या आवाजाची तुम्हाला ओढ आहे, त्याचा मोठा भाग एक्झॉस्टचा नसून हवा आत ओढण्याचा असतो. टर्बो नसलेल्या इंजिनात थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर जी खोल गर्जना समोरून येते ती एअर फिल्टरच्या डब्यातून येते, ती चालकाच्या कानाजवळ असते आणि रस्त्यावरच्या माणसापर्यंत फार कमी पोहोचते. म्हणून आधी फिल्टरचा डबा मूळचाच ठेवून चांगला फिल्टर बसवून पाहा. उघडा शंकूसारखा फिल्टर नको. तो इंजिनाजवळची गरम हवा ओढतो.

सायलेन्सरचे काम शेवटी करायचेच ठरले, तर 304 प्रतीचे स्टेनलेस आणि आर्गन वेल्डिंग यांचा आग्रह धरा, आणि पाइप वाकवताना वळणावर चपटा होत नाही ना हे उभे राहून पाहा. जोड वेल्डिंगचा न करता फ्लँजचा, म्हणजे नटबोल्टने आवळायच्या चकत्यांचा, ठेवा, म्हणजे मूळ डबा केव्हाही परत बसवता येईल. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी कुठेही गळती राहता कामा नये. बाहेरची हवा आत गेली की सेन्सर फसतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, विनाकारण जास्त पेट्रोल सोडतो. लोकर भरलेला डबा नवा असताना दबका वाटतो आणि लोकर जळत-उडत गेली तसा मोठा होत जातो, म्हणून पहिल्या दिवशी तुम्हाला थोडा कमीच वाटेल असा निवडा.